टेबलाचा दर्शनी भाग

मराठी मध्यमवर्गीय घरातील सागवानी जेवणाचे टेबल ही अशी एक वस्तू आहे, की जिचा वरचा पृष्ठभाग सुंदर व्हावा म्हणून घरधनी महिनोन्महिने सुताराच्या मागे लागतो, आणि तो एकदाचा सुंदर झाला, की पुढची तीस वर्षे तो कोणाच्याही दृष्टीस पडू नये म्हणून सगळे कुटुंब डोळ्यांत तेल घालून पहारा करते. या प्रवृत्तीस येथे ‘आच्छादन-परंपरा’ असे म्हटले आहे. आच्छादन म्हणजे झाकण्यासाठी वापरलेली कोणतीही वस्तू. तीत कापड, काच, प्लॅस्टिक, वर्तमानपत्र, इस्त्रीचे कपडे, लाइट बिले, निवडायला घेतलेली मेथी आणि मुलांचे शाळेतले प्रकल्प या सर्वांचा समावेश होतो. या विषयाच्या अभ्यासकांपुढील मुख्य अडचण अशी, की अभ्यासविषय उघडा पाहायला मिळण्याचा योग दिवाळीपूर्वीच्या साफसफाईखेरीज सहसा येत नाही. शिवाय अभ्यासकांची स्वतःची टेबले संदर्भग्रंथांखाली इतकी खोल गाडली गेलेली असतात, की टेबलांविषयीचे बहुतेक विवेचन पलंगावर बसून, मांडीवर उशी घेऊन लिहिले जाते, आणि प्रस्तुत विवेचनही त्यास अपवाद नाही.

पाट मांडून पंगतीला बसण्याची रीत होती तेव्हा हा प्रश्न उद्भवत नसे. जमीन सारवलेली असे, पानाभोवती रांगोळी असे, आमटी सांडली तर ती जमिनीवरच सांडे आणि जेवणे आटोपली की शेणगोळ्याने सगळे एकदमच निपटून निघे. जमिनीला डाग पडेल म्हणून तिच्यावर काच घातल्याचे कोठे नमूद नाही. टेबलाने जेवणाला जमिनीपासून सुमारे ३० इंच वर उचलले, आणि आमटीबरोबर काळजीलाही तीच उंची प्राप्त झाली.

टेबलाचा जन्म वखारीत, म्हणजे लाकडाच्या ठोक विक्रीच्या जागी, होतो. सागाच्या खोडात दोन भाग असतात: बाहेरचे फिकट रसकाष्ठ, ज्यातून जिवंत झाडाचा रस वर चढतो, आणि आतले सोनेरी-तपकिरी मध्यकाष्ठ, ज्यात मुरलेल्या तेलकट द्रव्यांमुळे वाळवी सहसा त्याच्या वाटेस जात नाही. सुतार पहिल्याला नुसते ‘पांढरं’ म्हणतो आणि टाळतो. गिऱ्हाइकाला हा भेद ठाऊक नसतो, तथापि ठाऊक नाही हे वखारवाल्याला कळू नये यासाठी त्याच्याजवळ एक पूर्वापार विधी असतो: फळीवर बोटांच्या पेरांनी टकटक करणे, कान जवळ नेणे, नखाने ओरखडा काढून वास घेणे, आणि शेवटी कोणताही निष्कर्ष न सांगता ‘हं’ म्हणणे. या विधीला सोबत म्हणून ‘लाकडातलं कळणारा’ एक नातेवाईक आणलेला असतो. तो बहुधा मामा असतो, आणि त्याची पात्रता एवढीच, की त्याने १९८० च्या सुमारास स्वतःचे कपाट करून घेतले होते.

“बर्मा आहे का?” मामा विचारतात.

“नाही, बल्लारशा.”

“बर्माच हवा. टिकाऊ.”

“बर्मा जवळपास दुप्पट पडेल, काका.”

“तेच म्हणतोय मी. आपल्याकडचा साग असताना बर्मा कशाला?”

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला साग बल्लारशाच्या आगारातून देशभर जातो, आणि २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठीही तो तेथूनच रवाना झाला. त्या घटनेनंतर वखारींमधल्या एकूण फळ्यांपैकी फारच मोठा हिस्सा ‘त्याच लॉटमधला राहिलेला’ असल्याचे वखारवाले खाजगीत सांगतात; तो सगळा हिशेब खरा मानला तर मंदिराला दारे कमी आणि उरलेल्या फळ्या अधिक होत्या असे म्हणावे लागेल. गिऱ्हाईक अर्थातच या फळीपुढे हात जोडते. मग ती उचलून पाहते, जड लागली की अस्सल समजते आणि विकत घेते. वास्तविक फळी जड असण्याचे एक सामान्य कारण ती अजून ओली असणे हे आहे. लाकूड हवेवर वाळवायचे तर जाडीच्या दर इंचास एक वर्ष धरावे असा सुतारकामातला जुना ठोकताळा आहे. आजकाल भट्टीत वाळवून हा काळ पुष्कळच कमी करतात, परंतु भट्टीलाही काही दिवस द्यावेच लागतात, आणि गिऱ्हाइकाच्या घरी साखरपुडा तेविसाव्या दिवशी असतो.

येथून सुताराच्या ‘उद्या’ला आरंभ होतो. हा उद्या पंचांगातला उद्या नव्हे. त्याचा अर्थ केवळ ‘आज नाही’ एवढाच असून, त्यापलीकडे तो काहीही कबूल करत नाही. अनुभवी गिऱ्हाईक त्यामुळे तारीख न मागता सण मागते: गणपतीच्या आधी, दसऱ्याला नक्की, दिवाळी पाडवा म्हणजे डोक्यावरून पाणी. सुतारही सणाचे नाव घेऊन होकार देतो, मात्र कोणत्या वर्षीचा सण हे दोघांपैकी कोणीच उच्चारत नाही. मधल्या काळात दूरध्वनीवर जे संभाषण होते त्याचे स्वरूप महाराष्ट्रभर बव्हंशी सारखेच आहे.

“मिस्त्री, कुठवर आलं?”

“झालंच आहे साहेब. फक्त पाय राहिलेत.”

“टेबलाचे पाय राहिलेत म्हणजे मग झालंय काय?”

“वरचं झालंय ना. वरचं म्हणजेच टेबल.”

अशा प्रसंगी संतापणाऱ्या गिऱ्हाइकांनी फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचे स्मरण करावे. त्याने व्हर्सायच्या राजवाड्यासाठी गोल सरकत्या झाकणाचे एक लिहिण्याचे टेबल १७६० मध्ये ज्याँ-फ्राँस्वा ओबेन या नामांकित कारागिराकडे करावयास घातले. ओबेन १७६३ मध्ये वारला. ‘मिस्त्री वारले’ ही सबब मराठी कारागिरांनी अद्याप स्वतःपुरती वापरलेली नाही, हे त्यांच्या सचोटीचे लक्षण मानावे लागेल. त्यांचे आजवर केवळ चुलते वारलेले आहेत. पुढे ओबेनच्याच कारखान्यातला ज्याँ-आँरी रिझनेर याने काम हाती घेतले, कारखाना हाती घेतला, ओबेनच्या विधवेशी विवाह केला आणि १७६९ मध्ये टेबल पुरे करून त्यावर आपले नाव घातले. राजाला टेबल नऊ वर्षांनी मिळाले, आणि १७७४ मध्ये तो वारल्यामुळे वापरायला मिळाली पाचच वर्षे. ज्याच्या हुकमाने फौजा हलत, त्याच्याही टेबलाचे पाय मधली काही वर्षे ‘राहिलेच’ असणार.

सुतार अखेर गिऱ्हाइकाच्या घरी, गच्चीवर किंवा गाळ्यासमोरच्या मोकळ्या जागेत कामाला बसतो तेव्हा मात्र जे दिसते ते पाहण्यासारखे असते, आणि म्हणूनच ते पाहायला नको तितकी माणसे जमतात. आपल्याकडचा जुन्या वळणाचा सुतार जमिनीवर बसून, फळी पायाच्या अंगठ्याने आणि टाचेने धरून काम करतो. पाय हीच त्याची पकड असते. रंधा, म्हणजे लाकूड तासून सपाट करण्याचे पाते बसवलेले हत्यार, तो लाकडाच्या रेषांच्या कलाने चालवतो, कारण रेषांच्या उलट गेले की लाकूड साफ होण्याऐवजी उचकटते. रंध्यातून निघणारे सालपट पातळ, लांब आणि वळलेले निघाले की त्याचा चेहरा किंचित सैल होतो. मग तो फळी उभी धरून एक डोळा मिटतो आणि तिच्या कडेवरून पलीकडे पाहतो. या एका डोळ्यात जे मापन होते त्यासाठी गिऱ्हाइकाने खास त्याच सकाळी विकत आणलेली पोलादी टेप असते, आणि भांडणाचे मूळ तीच ठरते, कारण गिऱ्हाईक सेंटिमीटरमध्ये विचार करते आणि सुतार सुतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुताखाली अर्धे सूत असते, त्याखाली पाव सूत, आणि त्याच्याही खाली ‘केसभर’ हे माप असते, जे टेपवर छापलेले नसल्यामुळे गिऱ्हाइकाला मान्य नसते.

“मिस्त्री, हे दीडशे सेंटिमीटर नाहीये. एकशे एकोणपन्नास आणि थोडं आहे.”

“चार फूट अकरा इंच बोलला होतात साहेब.”

“तेच ते.”

“तेच कसं? दीडेक मिलिमीटरचा फरक येतो.”

“मग मी तेच म्हणतोय, फरक आहे!”

निरीक्षकांत सर्वांत चिकाटीचा वर्ग निवृत्त गृहस्थांचा होय. ते खुर्ची घेऊन येतात, सुताराच्या दीड हातावर बसतात, वर्तमानपत्र उघडतात आणि पत्राच्या वरून पाहत दर पाच मिनिटांनी एक सूचना करतात. ज्याने हयातभर बँकेत खतावण्या तपासल्या, त्याला खिळा कोठे ठोकावा हे न सांगता बसवत नाही, हा मानवी स्वभाव आहे. जाणता सुतार प्रत्येक सूचनेला “बरोबर आहे काका” असे म्हणतो आणि आधी जे करत होता तेच करत राहतो. काका थोड्या वेळाने केलेले काम पाहून, आपण सांगितल्याप्रमाणे झाले, असे समाधानाने घरात कळवतात. अशा रीतीने दोन्ही पक्षांचे चालते, फक्त चहाचे प्रमाण वाढते.

सुताराचे खरे कसब जेथे असते तेथे कोणाची दृष्टीच जात नाही. चांगल्या टेबलाचा पाय आणि वरच्या फळीखालची आडवी पट्टी यांना खिळा जोडत नाही. पट्टीच्या टोकाला लाकडाचीच एक चौकोनी जीभ कोरून काढतात, तिला कुसू म्हणतात, आणि पायात पटाशीने तंतोतंत तेवढीच खाच पाडतात. कुसू खाचेत बसले की बाहेरून एक बारीक रेघ तेवढी उरते. कुसू सैल झाले तर टेबल पुढे डुलू लागते, आणि फार घट्ट झाले तर ठोकताना पायच उलतो, म्हणून ते हाताने अर्धे आत जावे आणि उरलेले लाकडी हातोड्याच्या दोन-तीन ठोक्यांत बसावे, अशी त्याची परीक्षा आहे. सुताराने ज्या सांध्यावर सकाळ घालवली तो दुपारी लाकडाच्या पोटात कायमचा गडप होतो. गिऱ्हाईक संध्याकाळी येऊन पाहते आणि म्हणते, “आज काही झालेलं दिसत नाही.”

सर्वांत मोठा गैरसमज वरच्या फळीविषयी असतो. लाकूड तोडल्यावर मेले असे माणसे समजतात, परंतु हवेतली वाफ शोषून फुगण्याची आणि कोरड्या हवेत आकसण्याची त्याची सवय पुढेही जात नाही. ही हालचाल रेषांच्या दिशेने नगण्य असते, मात्र रुंदीच्या दिशेने होते, आणि कोकणातल्या आषाढात फुगलेली रुंद फळी नागपूरच्या मे महिन्यात नेली तर काही मिलिमीटर सहज आखडते. साग या बाबतीत बराच सोशिक आहे, तरीही निर्विकार नाही. म्हणून जाणकार सुतार वरची फळी खालच्या चौकटीला जखडून टाकत नाही. तो स्क्रूसाठी गोल भोकाऐवजी लांबट भोक पाडतो आणि स्क्रू बेताने आवळतो, जेणेकरून फळीला ऋतूप्रमाणे पुढेमागे सरकायला वाव राहावा. हे सगळे टेबलाच्या खालच्या अंगाला असते. ते गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडते ते केवळ योगायोगाने, पेनचे टोपण घरंगळल्यामुळे.

“मिस्त्री, खालचे स्क्रू ढिले राहिलेत.”

“ढिलेच ठेवायचे असतात.”

“म्हणजे आम्ही ढिल्या स्क्रूचे पैसे द्यायचे?”

“घट्ट केलं तर फळी फुटेल, साहेब.”

“फुटायला काय ते प्लायवुड आहे? सागवान आहे!”

त्या रात्री घरातली माणसे झोपल्यावर घरधनी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन टेबलाखाली उताणा शिरतो आणि सगळे स्क्रू पिळून घट्ट करून, कारागिरांच्या निष्काळजीपणाविषयी हळहळत बाहेर येतो. पुढे चैत्र-वैशाखात एका टळटळीत दुपारी टेबलातून काडकन आवाज होतो आणि फळीला या टोकापासून निम्म्यापर्यंत चीर जाते. घरात तीन मते पडतात: लाकूड कच्चे होते, सुतार चोर होता, किंवा वरच्या मजल्यावरच्या बाईंनी मागच्या गुरुवारी टेबलाची जरा जास्तच स्तुती केली होती. चौथे मत ज्याच्यापाशी असते तो गप्प बसतो.

चीर हा वस्तूचा दोष आहे की अलंकार, याविषयी मतभेदाला वाव आहे हे जॉर्ज नाकाशिमा या जपानी वंशाच्या अमेरिकन कारागिराने दाखवून दिले. नाकाशिमा (१९०५–१९९०) मूळचा वास्तुरचनाकार. १९३० च्या दशकाच्या अखेरीस पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमातील ‘गोलकोंडे’ या इमारतीचे काम पाहायला तो आला, तेथे रमला आणि सुंदरानंद हे नाव त्याला मिळाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबले, तेव्हा आयडाहोतील मिनिडोका छावणीत गेंतारो हिकोगावा या जपानी पद्धतीच्या सुताराकडून तो हत्यारे धरायला शिकला. पुढे पेनसिल्व्हेनियातील न्यू होप येथे त्याने जी टेबले केली त्यांत झाडाची मूळची वेडीवाकडी कड तशीच राखलेली असे, आणि फळीला चीर असेल तर ती बुजवण्याऐवजी तिच्यावर फुलपाखराच्या आकाराचा लाकडी तुकडा आडवा बसवून ती पुढे वाढणार नाही अशी व्यवस्था केलेली असे. त्या चिरेसह ती टेबले आज संग्रहालयांत आहेत. मराठी सुताराने हाच तुकडा बसवला असता तर “हे ठिगळ कुणी सांगितलं होतं?” एवढ्यावरून निम्मे पैसे कापले गेले असते.

अलीकडे मात्र वारे फिरले आहे. पुण्या-मुंबईच्या उंच इमारतींतील नव्या पिढीला झाडाच्या कडेसकट फळी हवी असते, तिच्या मधोमध निळ्या रेझिनची नदी हवी असते, आणि त्या नदीकाठी बसून पोळीभाजी खायची असते. ज्या मिस्त्रींची चाळीस वर्षे लाकूड सरळ करण्यात गेली त्यांना या मागणीचा अर्थ लावणे जड जाते.

“ही कड अशीच राहू द्या.”

“अशी? वाकडी?”

“हो, नॅचरल.”

“वाकडीचे जास्त पडतील.”

“जास्त कसे? उलट तुमचं काम वाचतंय.”

“काम वाचतंय, पण हात आवरावा लागतो ना साहेब.”

टेबल तयार होऊन घरात येते, म्हणजे दारापर्यंत येते. दाराची रुंदी आणि टेबलाची रुंदी ही दोन मापे घेणारी माणसे वेगळी असल्यामुळे येथे थोडा वेळ जातो. टेबल आडवे, उभे, तिरपे आणि पुन्हा आडवे केले जाते, शेजारी मदतीपेक्षा सूचना अधिक करतात, आणि अखेर ते आत शिरून जागेवर उभे राहताच डुलते. डुलण्याचा दोष सर्वजण सुताराला देतात, सुतार फरशीला देतो, आणि बहुतांश वेळा सुताराचे खरे असते. हा प्रश्न गणितज्ञांनी फार गांभीर्याने हाताळला आहे. चारही पाय सारख्या लांबीचे असतील आणि जमीन पायऱ्यांसारखी तुटक नसून केवळ उंचसखल असेल, तर चौरस टेबल जागच्या जागी जास्तीत जास्त पाव फेरी फिरवल्यास चारही पाय टेकण्याची एक स्थिती सापडतेच, असा सिद्धान्त आहे. जमिनीचा उतार सुमारे ३५ अंशांपेक्षा कमी असला म्हणजे झाले, असे दाखवणारी काटेकोर सिद्धता २००५ मध्ये मांडली गेली. या सिद्धान्तात टेबल स्थिर राहील अशी हमी आहे, ते समपातळीत राहील अशी नाही, त्यामुळे आमटी कोणाच्या मांडीवर उतरेल हे गणिताने मोकळेच ठेवले आहे. शिवाय टेबल फिरवायला भोवती जागा लागते. मराठी घरात त्याची एक बाजू भिंतीला, दुसरी फ्रिजला आणि तिसरी देव्हाऱ्याखालच्या कपाटाला लागलेली असते. म्हणून येथे गणिताऐवजी लग्नपत्रिका वापरतात. दुमडलेली पत्रिका बरोबर सूत-दीड सूत भरते आणि गणपतीच्या चित्राची बाजू आत घेतली की पापही लागत नाही. अडचण एवढीच, की पुढे ते नवपरिणीत जोडपे जेवायला येते आणि नवरदेवाच्या हातून चमचा खाली पडतो. तीन पायांची तिवई कधीच डुलत नाही, ही गोष्ट पूर्वजांना ठाऊक होती, परंतु तिच्याभोवती सहा खुर्च्या मांडता येत नाहीत.

डुलणारे टेबल गिऱ्हाइकाला एका परीने हवेच असते, कारण त्यामुळे शेवटचा हप्ता थांबवता येतो. “ते हलणं तेवढं बघा, मग बाकीचे घेऊन जा,” हे वाक्य ऐकले नाही असा सुतार विरळा. थॉमस चिपेंडेल या इंग्लंडच्या कारागिराने टेबल-खुर्च्यांच्या आपल्या आराखड्यांचा ग्रंथ १७५४ मध्ये छापला आणि सरदार-दरकदारांचे दिवाणखाने सजवले, पण देयके वसूल करताना त्याच्याही तोंडाला फेस आला; केंटमधले सर एडवर्ड नॅचबुल यांनी तर त्याला कळवले, की आपल्या कुळांकडून खंड वर्षातून एकदाच येतो, तेव्हा देणीही वर्षातून एकदाच फेडली जातील. आपल्याकडच्या बलुतेदारीतही सुताराला धान्याचे बलुते सुगीलाच मिळे. फरक एवढाच, की गावच्या पाटलाने बलुते देण्याआधी नांगर डुलतो का हे पाहिल्याचे ऐकिवात नाही.

आता पॉलिश. जुन्या पद्धतीचे पॉलिश लाखेचे असते. लाख म्हणजे पळस, कुसुंब, बोर अशा झाडांवर राहणाऱ्या इवल्याशा किड्यांनी स्वतःभोवती सोडलेला राळेसारखा पदार्थ. तो शुद्ध करून स्पिरिटमध्ये विरघळवतात आणि कापसाच्या बोळ्यावर जुने मऊ कापड गुंडाळून त्याने फळीवर फिरवतात. एक हात, दुसरा हात, मध्ये पॉलिश पेपरची घासणी, पुन्हा हात, असे करता करता सागाच्या रेषा पाण्याखालून दिसाव्यात तशा वर येतात, आणि पॉलिशवाला मान तिरकी करून खिडकीचा उजेड फळीवर कोठे अडखळतो का ते पाहतो. हा एक क्षण असा असतो, की तेव्हा टेबल जसे असायला हवे तसे असते आणि कुटुंबही त्याच्याकडे तोंड उघडे टाकून पाहत असते.

लाखेला उष्णता आणि ओल ही दोन्ही सोसत नाहीत. गरम चहाचा कप तिच्यावर ठेवला की खालची वाफ थरात अडकते आणि पांढरे वर्तुळ उमटते. पहिले वर्तुळ ही घरातली ऐतिहासिक घटना होय. त्याचा तपास होतो, कपांचे व्यास ताडून पाहिले जातात, प्रत्येकाला त्या सकाळी आपण कोठे होतो ते सांगावे लागते, आणि सर्वांचे जबाब झाल्यावर कप आजोबांचा होता असे निष्पन्न झाल्यामुळे प्रकरण मिटवण्यात येते. वर्तुळावर टूथपेस्ट, खोबरेल आणि कोमट इस्त्री यांचे प्रयोग होऊन ते पुष्कळसे मोठे होते. त्याच संध्याकाळी पहिले आच्छादन येते.

आच्छादनांचे थर पुढे कसे चढत जातात याचा क्रम बराचसा निश्चित आहे. प्रथम भरतकाम केलेले कापड येते. ते फारच चांगले असल्यामुळे त्यावर डाग पडू नये म्हणून जाड पारदर्शक प्लॅस्टिक येते. प्लॅस्टिक गरम कढईने भोकसले जाऊ नये म्हणून चटया येतात, चटया धुवाव्या लागू नयेत म्हणून त्यांवर कालचे वर्तमानपत्र येते, आणि माणसे जेवताना वर्तमानपत्र वाचू लागतात. सरकारी आणि निमसरकारी कचेऱ्यांत याचीच एक उपशाखा आढळते: तेथे टेबलावर हिरवे बनातीचे कापड, त्यावर काच, आणि काचेखाली गजानन महाराज, सुट्ट्यांची यादी, १९९७ सालचे दूरध्वनी क्रमांक व साहेबांच्या मुलीचा बालवाडीतला फोटो असतो, मुलगी आता परदेशात असते, पण काच जड असल्यामुळे फोटो बदललेला नसतो. पाहुणे येणार असले की घरच्या टेबलावरचे रोजचे प्लॅस्टिक काढतात, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात पाहुण्यांसाठी त्यावर आणखी एक, ठेवणीतले, आच्छादन घालतात. पाहुणे म्हणतात, “टेबल छान आहे हो!” आणि त्यांचा हात त्या वेळी प्लॅस्टिकवर असतो.

याचा परिणाम असा, की सागवानी टेबलाला वार्धक्य येत नाही. मूल मोठे होते, वेगळे घर करते, त्याला घडीचे टेबल पुरते, आणि एक दिवस ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजारातला एखादा विक्रेता टेबल पाहायला म्हणून घरी येतो. तो या विषयातला खरा तज्ज्ञ असल्यामुळे वर पाहतच नाही. तो थेट टेबलाखाली वाकतो, कुसवांच्या रेघा पाहतो, लांबट भोके पाहतो, सुताराने पेन्सिलने केलेल्या आकडेमोडीवरून बोट फिरवतो, आणि मग उठून थर उलगडायला लागतो. वर्तमानपत्र निघते, चटया निघतात, प्लॅस्टिक चरचरत सुटते, कापड निघते, आणि खाली तीस वर्षांपूर्वीची फळी, एक पांढरे वर्तुळ सोडल्यास, पॉलिशवाला मान तिरकी करून गेला त्या दिवशी होती तशी निघते.

“वापरलेलं नाहीच हे,” विक्रेता म्हणतो. “नवं म्हणून जाईल.”

घरातली माणसे एकमेकांकडे पाहतात.

“आपल्याकडे असं टेबल होतं?” सूनबाई विचारतात.

“मला वाटायचं, ते निळ्या फुलांचं आहे,” मुलगा म्हणतो.

विक्री अर्थातच मोडते. एवढी सुंदर वस्तू कोणी घराबाहेर काढते का, यावर प्रथमच सगळ्या कुटुंबाचे एकमत होते, विक्रेत्याला चहा देऊन वाटेला लावतात (त्याचा कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायला सांगतात), आणि तो जिना उतरतो न उतरतो तोच काचवाल्याला फोन जातो.

“आठ मिलिमीटरची टाकू की दहाची?” काचवाला विचारतो.

“बाराची येत नाही का हो?”